भूमीचा नागरिक

ॲरिझोनातील ॲपाची वनक्षेत्रात १९०९ साली वनखात्याच्या एका तरुण अधिकाऱ्याने सहकाऱ्यांसह लांडग्याच्या मादीवर आणि तिच्या पिलांवर गोळ्या झाडल्या. लांडगे घटले की हरणे वाढतील आणि शिकार मुबलक होईल, असे त्या काळचे सरकारी गणित होते. मरणाऱ्या त्या मादीची नजर मात्र अधिकाऱ्याच्या मनातून कधीच गेली नाही. त्याचे नाव आल्डो लिओपोल्ड.

लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ मध्ये आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे, मिसिसिपी नदीच्या काठी झाला. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन ते वनखात्यात रुजू झाले. रस्ते व बांधकामे यांपासून मुक्त राखलेले गिला हे अमेरिकेतील पहिले अरण्यक्षेत्र १९२४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अस्तित्वात आले. लांडग्यांविषयीचे मत मात्र बदलायला बराच काळ लागला. लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणांनी कोवळी झाडे फस्त केली आणि अखेर तीच उपासमारीने मेली. हे पाहिल्यावर लिओपोल्ड यांनी आपली चूक लेखणीने जाहीरपणे मान्य केली.

१९३३ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची कस गेलेली शेती विकत घेतली. तेथे उभे होते ते केवळ कोंबड्यांचे खुराडे. त्याचीच झोपडी करून पत्नी एस्टेला व पाच मुलांसह त्यांनी पाइनची हजारो रोपे लावली. पहिल्या वर्षांत दुष्काळाने बहुतेक रोपे जळाली, तरी लागवड थांबली नाही.

येथेच त्यांचा भूमिनीतीचा विचार परिपक्व झाला. माणसामाणसांतील वर्तनापुरती मर्यादित असलेली नीती त्यांनी माती, पाणी, वनस्पती व प्राणी यांच्यापर्यंत नेली. माणूस भूमीचा मालक नसून तिच्या परिवारातील एक साधा नागरिक आहे आणि निसर्गाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही, हा त्याचा गाभा.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील वणवा विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखसंग्रहाचे हस्तलिखित प्रकाशकाने आठवडाभरापूर्वीच स्वीकारले होते. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पर्यावरणविचाराचा पाया ठरला. पुढे १९९८ मध्ये त्याच ॲपाची वनक्षेत्रात सरकारनेच लांडगे पुन्हा सोडले.