हक्क आणि दाद : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. आंबेडकरांचे चरित्र तुम्हांला अपरिचित नाही. येथे आपण त्यातील एकच धागा हाती घेऊ : कागदावरचा हक्क प्रत्यक्षात कसा उतरवावा, हा प्रश्न.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अमेरिकेच्या घटनेत १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याच्या समान संरक्षणाची हमी दिलेली होती. तरीही १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे वेगळे डबे वैध ठरविले होते आणि त्या काळी हाच निवाडा लागू होता.

मायदेशी हाच अनुभव महाडला आला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला; पुढे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. पाणी मात्र कोणी भरू देईना. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेसाठी हजारो लोक जमले, त्याआधीच सनातन्यांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविलेला होता. समोर तळे, मागे अधीर समुदाय आणि स्वतः बॅरिस्टर! आंबेडकरांनी हुकूम पाळला. लोकांना परत फिरविणे हे त्यांच्या आयुष्यातील अवघड निर्णयांपैकी एक असावे, असे मला वाटते. दाव्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्यांच्या बाजूने दिला. घोटभर पाण्याच्या हक्काला दहा वर्षे लागली.

आपण ‘दाद मागणे’ असे म्हणतो. ‘दाद’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ न्याय. हक्काला दादेची जोड नसेल तर तो निरर्थक, ही जाणीव १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात स्पष्ट दिसते. त्यात हक्कांच्या यादीपाठोपाठ ते हिरावले गेल्यास करावयाचे उपायही आहेत.

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी अमेरिकेकडे डोळसपणे पाहिले. तेथे संघराज्याची न्यायालये वेगळी आणि प्रत्येक राज्याची वेगळी. आपल्याकडे न्यायव्यवस्था एकसंध ठेवण्यात आली. म्हणून वसईच्या न्यायालयातला दावा अपिलाच्या पायऱ्या चढत मुंबईच्या उच्च न्यायालयात आणि क्वचित दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयातही पोहोचू शकतो. मूलभूत हक्कासाठी तर अनुच्छेद ३२ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते. हा अनुच्छेद आंबेडकरांना संपूर्ण घटनेत सर्वांत मोलाचा वाटे.

एका बाबतीत मात्र ते असमाधानी राहिले. अमेरिकेतील ‘ड्यू प्रोसेस’चे तत्त्व स्वातंत्र्याच्या अनुच्छेदात घ्यावे की नाही, यावर संविधान सभेत मोठा खल झाला आणि अखेर ते वगळले गेले. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवी तरतूद मांडली. तीच आजचा अनुच्छेद २२. तुमच्या गावात कोणास अटक झाली, तर त्यास कारण सांगावे लागते, वकील मिळू द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत नजीकच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, ते या अनुच्छेदामुळे.