मराठीचे व्याकरणकार दादोबा
(द्वितीय वर्ष कला)

लहानपणी मला व्याकरणाची फार भीती वाटे. आमच्या मांजरीत आमच्या घरी पानी भरतात, पाणी नव्हे. कांदे काढायला जात नाहीत, कांदं काढाया जातात. पाचवीत असताना मी कांद्याच्या काढणीवर निबंध लिहिला, तो याच भाषेत. गुरुजींनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. सगळा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात तोंड उघडले नाही. हे नियम ज्याने कोणी केले असतील त्याचा मला भारी राग आला होता. तो राग मनात ठेवूनच यंदा मी ग्रंथालयातून दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याविषयीचे पुस्तक घरी नेले. वाचून जे मनात राहिले ते येथे सांगते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. ते चार वर्षांचे असताना पेशवाई संपली. त्या काळी गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे, मोडी वाचायला शिकायचे, एवढेच तिथले शिक्षण. व्याकरण म्हटले की ते संस्कृतचे, आणि ते शास्त्रीमंडळींचे. घरात बोलतो त्या मराठीलाही काही व्याकरण असते, हे कोणाच्या गावीही नव्हते म्हटले तरी चालेल.

मग मुंबईत नव्या शाळा निघाल्या. दादोबा इंग्रजी शिकले आणि इंग्रजांनी आपल्या भाषेचे व्याकरण कसे मांडले आहे ते त्यांना कळले. आपल्या भाषेसाठी असे का असू नये, हा विचार त्यांनी मनावर घेतला. केरी साहेबांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण केले होते, पण ते इंग्रजीत. काही शास्त्र्यांनीही प्रयत्न केले होते. दादोबांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते, म्हणजे माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी जास्त! नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापदापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत ज्या आठ जाती आपण शाळेत पाठ करतो, त्या इंग्रजीच्या धर्तीवर त्यांनीच मराठीत रुजवल्या. पुढे लोक त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणू लागले.

पण पुस्तक छापले म्हणजे भाषा सुधारत नाही. ते शिकवणार कोण? खरी अडचण तिथेच होती. सरकारी मराठी शाळा वाढत होत्या, आणि शिकवायला मिळत ते जुन्या वळणाचे पंतोजी. त्यांना मोडीची सवय. छापील बाळबोध पुस्तके आणि व्याकरण हे सगळे नवे. म्हणून १८४५ साली मुंबईत शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल क्लास सुरू झाला. त्याचे काम बाळशास्त्री जांभेकर पाहत. १८४६ मध्ये बाळशास्त्री अकाली वारले आणि ती जबाबदारी दादोबांवर आली. त्याआधी त्यांनी माळव्यात जावऱ्याच्या नबाबाला शिकवले होते, सुरतेच्या इंग्रजी शाळेत काम केले होते. आता ज्याने नियम लिहिले, त्यालाच ते नियम शिकवणारी माणसे घडवायची होती. असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

दादोबा केवळ व्याकरणात रमणारे नव्हते. सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. मुंबईत जातिभेद न मानणारी परमहंस सभा निघाली, तिच्यामागेही त्यांचाच विचार होता. १८५२ साली ते नगरला डेप्युटी कलेक्टर झाले. रावबहादूर हा किताबही मिळाला. तरी व्याकरण त्यांनी सोडले नाही. मुलांना मोठे पुस्तक झेपत नाही म्हणून त्यांनी लघुव्याकरण लिहिले. मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली. १८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आपल्याच व्याकरणाला पूरणिका जोडली. पुढच्या वर्षी १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले.

त्या पूरणिकेपाशी माझा राग निवला. ज्याने नियम केले त्यालाच पंचेचाळीस वर्षांनंतर त्यात भर घालावीशी वाटली! म्हणजे नियम हे दगडावरची रेघ नव्हेत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरली. दर वेळी नियम वर ठरतो, पण मुलाच्या कानावर तो पडतो गुरुजींच्या किंवा बाईंच्या तोंडून. तो प्रेमाने सांगितला तर मूल शिकते, हसून सांगितला तर गप्प होते.

आता एक कबुली देते. संध्याकाळी मी आमच्या आळीतल्या पाच-सहा मुलांचा अभ्यास घेते. मागच्या महिन्यात एक मुलगा पानी म्हणाला आणि मी पटकन त्याला तोडले. बाकीची मुले हसली. तो दोन दिवस आलाच नाही. मी जे सोसले तेच मी त्याला दिले, हे कळायला मला दादोबांचे चरित्र वाचावे लागले. मग मी त्याच्या घरी गेले. त्याला सांगितले, की पानी हे तुझ्या आजीचे आणि माझ्याही आजीचे बोलणे आहे, ते चुकीचे नाही. पाणी हे पुस्तकातले आहे, तेही आपलेच आहे. आपल्याला दोन्ही यायला हवेत. तो आला. अजून पानीच म्हणतो, पण वहीत पाणी लिहितो.

पदवीनंतर बी. एड. करून शिक्षिका व्हायचे माझ्या मनात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे पुढचे काय ते पुढे. पण वर्गात उभी राहिलेच तर दादोबांचे व्याकरण हाती असेल, आणि कांद्याचा तो निबंधही आठवणीत असेल.