पहिलं भाषण नाशकात

मैत्रिणींनो, चारचौघांत बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो ना? रमाबाई रानड्यांना तर लग्न झालं तेव्हा, ११व्या वर्षी, अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती माधवरावांनी शिकवायला घेतलं, तर घरातल्या बायकांनी टोमण्यांनी जीव नकोसा केला. उलट उत्तर न देता त्या शिकत राहिल्या. माधवरावांची बदली नाशकात झाली नि पेठच्या पोरी आज शिकायला जातात त्या नाशकात, हायस्कुलात, रमाबाईंनी पहिलं जाहीर भाषण केलं. लिहून दिलं होतं माधवरावांनीच बरं का! १९०१ साली ते गेले. रमाबाईंची चाळिशीही झाली नव्हती. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. नर्सचं काम तेव्हा हलकं मानत. त्यांनी विधवांनाच त्या शिक्षणाला घातलं. १९२४ साली रमाबाई गेल्या. सेवासदन अजून चालू आहे.