टेबलावरचा कसारा घाट आणि मुरबाडचे नाना

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला उभारायचा, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवायची आणि पायथ्याशी बाजारपेठ मांडायची, ही मराठी घरातील जुनी हौस. याच हौसेचे एक शहरी रूप अलीकडे अनेक घरांत दिसू लागले आहे. प्लायवुडच्या फळीवर छोटे रूळ अंथरायचे, थर्माकोल व प्लास्टरचे डोंगर उभे करायचे, बोटभर उंचीची गाडी त्यातून फिरवायची आणि तिचे चित्रीकरण करायचे. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून या छंदाची महाराष्ट्राला चांगली ओळख झाली.

घरच्या घरी अशी मांडणी करणाऱ्याने युरोपातील आल्प्स पर्वताऐवजी आपला स्वतःचा मुलूख निवडायचे ठरवले, तर ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाइतका देखणा विषय शोधून सापडणार नाही. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही शहापूर तालुक्यातील स्थानके, डावीकडे माहुलीचे सुळके आणि पुढे सह्याद्रीची भिंत. मात्र या मार्गाची प्रतिकृती करायची, तर तो का, केव्हा आणि कोणामुळे झाला, हेही जाणून घ्यावे लागते. तो शोध शेजारच्या मुरबाड तालुक्यात जाऊन पोहोचतो. भारतीय रेल्वेच्या पायाभरणीत ज्या मोजक्या एतद्देशीयांचा हात होता, त्यांतील अग्रणी जगन्नाथ शंकरशेठ ऊर्फ नाना यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला.

सराफी पेढीचा वारस

नानांचे मूळ आडनाव मुरकुटे. दैवज्ञ समाजातील हे घराणे व्यापारउदिमात मुरलेले होते. पूर्वज बाबुलशेठ गणबाशेठ अठराव्या शतकात कोकणातून मुंबईत आले आणि वडील शंकरशेठ यांनी पेढीचा मोठा विस्तार केला. नानांच्या लहानपणीच आईचे छत्र हरपले. त्यांचे शिक्षण घरी नेमलेल्या शिक्षकांकडून झाले व त्यात इंग्रजीचाही समावेश होता. १८२२ मध्ये वडील निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. अमाप संपत्ती आणि तिच्यासोबतची जबाबदारी एकाच वेळी अंगावर आली. या पेढीवर लोकांचा विश्वास एवढा होता की अरब व अफगाण व्यापारीही आपल्या ठेवी नानांकडे ठेवत.

ऐन तारुण्यात हाती आलेला पैसा माणसाला कुठेही नेऊ शकतो. नानांनी तो शाळेकडे नेला. १८२० च्या दशकात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी जी संस्था उभी राहिली, तिच्या आधारस्तंभांत नाना होते. पुढे याच प्रयत्नांतून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आकाराला आली. १८४० नंतर सरकारच्या शिक्षण मंडळावर ते सदस्य म्हणून दीर्घकाळ राहिले. शिक्षण इंग्रजीतून द्यावे की लोकांच्या भाषेतून, हा वाद मंडळात पेटला तेव्हा अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. नानांनी त्यांना ठाम विरोध करून मराठीची बाजू लावून धरली. १८४९ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्या वेळी समाजाचा रोष पत्करून नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. सतीबंदीच्या कायद्यालाही त्यांचा पाठिंबा होता.

लोखंडी रस्त्याचे स्वप्न

१८४० च्या दशकात मुंबईचा व्यापार वाढत होता. परंतु देशावरचा कापूस बंदरापर्यंत आणायला बैलांच्या पाठीवाचून साधन नव्हते. सह्याद्रीचे घाट उतरताना माल भिजे, मळे आणि कित्येक आठवडे वाटेत अडके. १८४३ मध्ये इंग्रज अभियंता जॉर्ज क्लार्क यांनी मुंबईहून ठाण्याकडे व पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. इंग्लंडमध्ये आगगाडी सुरू होऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. अशा काळात नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी ही कल्पना उचलून धरली व १८४५ मध्ये रेल्वेसाठी मुंबईत मंडळी संघटित केली. हा प्रयत्न पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीत विलीन झाला. कंपनीच्या संचालकांत नाना व जमशेटजी हे दोघे हिंदी होते. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने कंपनी अधिकृत झाली आणि ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाचा प्रारंभ झाला.

मुख्य अभियंता म्हणून जेम्स बर्कली आले. रुळांमधील अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर ठरले. इंग्लंडमध्ये हेच अंतर १४३५ मिलिमीटर होते. घरी मांडणी करणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी भेडसावतो. बाजारात सर्वाधिक मिळणारे छोटे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात आणि ते १:८७ या प्रमाणात विलायती रुळांशी जुळतात. भारतीय रुळासाठी त्याच प्रमाणात १९.३ मिलिमीटर रुंदी हवी. त्यामुळे १:८७ चा भारतीय डबा या रुळांवर काहीसा अंग चोरून उभा असल्यासारखा दिसतो. गाडीचे सांगाडे स्वतःच पुठ्ठा किंवा प्लास्टिकच्या पत्र्यातून करण्याची तयारी असेल, तर १:१०० हे प्रमाण घ्यावे. मग तेच १६.५ मिलिमीटरचे रूळ भारतीय मापाशी जवळपास तंतोतंत जुळतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने. एकवीस तोफांची सलामी झाली. फुलांनी सजवलेल्या डब्यातून प्रवास करणाऱ्या मानकऱ्यांत नाना होते. तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. १:१०० या प्रमाणात ते जसेच्या तसे मांडायचे, तर ३४० मीटर लांबीची जागा लागेल. अर्थातच कोणाच्याही दिवाणखान्यात ती नसते. म्हणून जाणकार मांडणीकार सगळा मार्ग करत नाहीत. एखादे स्थानक, एखादा पूल, एखादे वळण निवडतात आणि मधले अंतर डोंगराआड किंवा झाडीआड लपवतात.

शहापूर तालुक्यात रूळ

ठाण्याहून पुढे १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली. १ ऑक्टोबर १८५५ रोजी ती वासिंदपर्यंत आली. त्यानंतर मात्र काम रेंगाळले. आसनगाव गाठायला १८६० चा फेब्रुवारी उजाडला आणि १ जानेवारी १८६१ रोजी गाडी कसाऱ्याला लागली. पुढे उभा होता थळ घाट. कसारा ते इगतपुरी या जेमतेम पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात मार्ग ९७२ फूट, म्हणजे जवळपास तीनशे मीटर वर चढतो. चढ ३७ ला १ इतका तीव्र आहे. बोगदे खणावे लागले, दऱ्यांवर पूल बांधावे लागले. त्यांतील एहेगावचा पूल सुमारे ७५० फूट लांबीचा. बर्कली १८६२ मध्ये निधन पावले व घाट पूर्ण झालेला त्यांना पाहता आला नाही. अखेर १ जानेवारी १८६५ रोजी कसारा-इगतपुरी मार्ग खुला झाला.

हा घाट टेबलावर आणायचा, तर आकडे पुन्हा डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. अगदी लहान, १:१६० प्रमाण घेतले तरी इगतपुरीचे स्थानक कसाऱ्यापेक्षा सुमारे १.८५ मीटर उंच, म्हणजे पुरुषभर उंचीवर न्यावे लागेल. आठ फुटी फळीवर मात्र ३७ ला १ हा चढ जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा होतो. तो डोळ्यांना किरकोळ वाटतो. पण सहा-सात डबे जोडताच छोट्या इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात. मग मागून दुसरे इंजिन लावावे लागते. प्रत्यक्षातही तेच घडते. कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात, तेव्हाच त्या घाट चढतात.

चित्रीकरणाचेही काही नियम आहेत. वरून टिपलेली गाडी खेळण्यातली दिसते. फलाटावर उभ्या माणसाची नजर १:८७ प्रमाणात फळीपासून जेमतेम पावणेदोन-दोन सेंटिमीटरवर येते. त्यामुळे मोबाइल उलटा धरून त्याची काच रुळांच्या उंचीला टेकवावी लागते. वेगही आवरावा लागतो. ताशी ३० किलोमीटरने धावणारी जुनी गाडी या प्रमाणात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरच सरकते. दिवा एकाच बाजूला ठेवला की सह्याद्रीवरच्या उन्हासारखी एकच सावली पडते. पार्श्वभूमीला माहुलीचे सुळके आणि उन्हाळ्यातला तपकिरी साग दाखवला, तर रंगवलेल्या भुशाचेही रान होते.

रेल्वेपलीकडचे नाना

रेल्वेचे काम सुरू असताना नानांचे सार्वजनिक जीवन एका दिशेने कधीच चालले नाही. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली आणि नाना तिचे अध्यक्ष झाले. कंपनी सरकारच्या सनदेचा फेरविचार व्हायचा होता, त्या वेळी हिंदी प्रजेची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे मांडणारी ही पश्चिम भारतातील पहिली राजकीय संस्था. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांचे नाव आहे. त्याच वर्षी उठावाच्या धामधुमीत सरकारने त्यांच्यावर संशय घेतला. चौकशीअंती तो फोल ठरला. १८६१ च्या कायद्यानंतर मुंबईच्या विधिमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. सोनापूरची हिंदूंची स्मशानभूमी शहराबाहेर हलवण्याचा बेत झाला, तेव्हा त्याविरुद्ध ते उभे राहिले.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी डॉ. भाऊ दाजी व जॉर्ज बर्डवूड यांच्यासमवेत त्यांनी परिश्रम घेतले. १८६२ मध्ये इमारतीची पायाभरणी झाली. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयात मुंबईकरांचे जीवन दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती व प्रतिकृती मोठ्या संख्येने आहेत. लहान आकारात मोठे जग दाखवण्याची ही कला शिकू इच्छिणाऱ्याने ते एकदा तरी पाहायला हवे.

१८६५ चे वर्ष मुंबईला कठीण गेले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैपासून शहरातील पेढ्या एकामागून एक बसू लागल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, नानांचे निधन झाले. थळ घाटातून पहिली गाडी जाऊन सात महिने झाले होते. ज्या मार्गासाठी वीस वर्षांपूर्वी त्यांनी पदर खोचला, तो सह्याद्री ओलांडून गेल्याचे त्यांना पाहायला मिळाले, हे त्यांचे भाग्य.

नकाशावर न आलेले गाव

त्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या कित्येक पिढ्यांनी मानाची मानली. एशियाटिक सोसायटीत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, ग्रँट रोडला नाना चौक आहे, गिरगावच्या मुख्य रस्त्याला त्यांचे नाव आहे. मुंबई सेंट्रलजवळील भुयारी मेट्रोचे स्थानक २०२५ मध्ये सुरू झाले, तेही त्यांच्याच नावाचे आहे.

जन्मगावाची कथा मात्र वेगळी. मुरबाडमध्ये अजूनही रेल्वे धावत नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी पिढ्यान् पिढ्या होत आली आणि तिची कागदपत्रेही तयार झाली. पण मुरबाडच्या विद्यार्थ्याला, नोकरदाराला वा भाजीविक्रेत्याला मुंबईची लोकल पकडण्यासाठी आधी सुमारे तीस किलोमीटर रस्त्याने कल्याण गाठावे लागते. शेजारच्या शहापूर तालुक्यात १८५५ पासून गाडी येते. तिथला तरुण रोज मुंबईला नोकरीला जाऊन रात्री घरी परततो. एकाच जिल्ह्यातील दोन शेजारी तालुक्यांच्या भवितव्यात रुळांमुळे किती फरक पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

घरच्या फळीवर मुरबाडचे स्थानक उभारणे एका संध्याकाळचे काम आहे. हातभर रूळ, एक फलाट आणि पाटीवर चार अक्षरांचे नाव. परंतु खऱ्या मार्गाशी इमान राखणारा छांदिष्ट ते करणार नाही. तो कल्याणनंतरची एक मोकळी जागा रिकामीच ठेवील. ती जागा भरण्याचे काम छंदाचे नाही, शासनाचे आहे. नानांनी १८४५ मध्ये जेवढी धडाडी दाखवली, तेवढी आज दाखवली गेली, तर मुरबाडकरांना फार वाट पाहावी लागणार नाही.