चेंबरलेन आणि तुलनेची फूटपट्टी

भिन्न काळांतील खेळाडूंची तुलना करण्याचा मोह क्रीडारसिकांना आवरत नाही. बास्केटबॉलमधील कडीखालचा उंचापुरा ‘सेंटर’ हा तर या वादाचा हक्काचा विषय. जॉर्ज मायकन, बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार यांत श्रेष्ठ कोण? केवळ वैयक्तिक आकडे प्रमाण मानले, तर चेंबरलेनचे पारडे जड ठरते. परंतु त्या आकड्यांवर विसंबून निवाडा करू नये, हे चेंबरलेनच्याच चरित्रातून ध्यानात येते.

फिलाडेल्फियात १९३६ साली जन्मलेला हा सात फूट एक इंच उंचीचा कृष्णवर्णीय खेळाडू १९५९ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. २ मार्च १९६२ रोजी हर्शी या लहान गावी न्यूयॉर्कविरुद्ध त्याने एकट्याने १०० गुण मिळविले. त्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ५०.४ होती. तरीही सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान खेळाडूंच्याच मतांनी रसेलला लाभला आणि विजेतेपद रसेलच्या बोस्टनने पटकावले. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळविणाऱ्या रसेलपुढे चेंबरलेन हा पराभवाचाच धनी, असे मग बोलले जाऊ लागले.

मुळात येथे फूटपट्टीच स्थिर नाही. मायकन आवरेना म्हणून १९५१ मध्ये कडीपुढील निर्बंधित पट्टा सहा फुटांवरून बारा फूट करण्यात आला. चेंबरलेनला रोखण्यासाठी १९६४ मध्ये तो सोळा फूट झाला. अडविलेल्या फेकींची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता आणि चेंबरलेनने १९७३ मध्ये मैदान सोडले. म्हणजे दोघांच्याही बचावातील मोठे कर्तृत्व नोंदवहीत उतरलेच नाही. चेंबरलेनचा ३१,४१९ गुणांचा उच्चांक अब्दुल-जब्बारने १९८४ मध्ये मागे टाकला, पण तो आपल्या पंधराव्या हंगामात. चेंबरलेन चौदाच हंगाम खेळला होता.

खरी बोधप्रद तुलना चेंबरलेनच्या आयुष्यातच सापडते. १९६६-६७ च्या हंगामात प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांच्या आग्रहावरून त्याने स्वतःच्या फेकी कमी केल्या आणि सहकाऱ्यांना चेंडू पुरविण्यावर भर दिला. सरासरी २४.१ वर उतरली. मात्र त्याच्या फिलाडेल्फिया संघाने बोस्टनला नमवून पुढे विजेतेपदही मिळविले. १९७१-७२ मध्ये लॉस एंजेलिसकडून खेळताना ती १४.८ इतकीच राहिली. त्या संघाने सलग ३३ सामने जिंकले आणि विजेतेपदही.

चेंबरलेन १९९९ मध्ये निवर्तला. शंभर गुणांचा विक्रम लोकांच्या स्मरणात राहिला, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पन्नासाची सरासरी गाठू शकणाऱ्या माणसाने संघासाठी चौदावर समाधान मानावे, यासाठी लागणारा संयम कोणत्याही रकान्यात मावत नाही. श्रेष्ठत्वाचा निवाडा करताना तोही जमेस धरावयास हवा.