केन माइल्स आणि परके इंजिन

भिवंडीत मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाला इंजिनाच्या आवाजाचे काय कौतुक असणार? पण आमच्या घरी ते होते. अंजूरफाट्याच्या रस्त्याला माझ्या काकांचे गॅरेज होते. मी शाळेत असताना त्यांनी एका हलक्या पेट्रोल जीपमध्ये जुन्या टेम्पोचे जड डिझेल इंजिन बसवले. फाउंडेशन वेल्डिंग करून जुळवले, इंजिन पहिल्याच दमात सुरू झाले आणि पेढे वाटले गेले. पुढचे पाटे आणि ब्रेक मात्र जुनेच राहिले. आठच दिवसांत माणकोली नाक्यावर ती जीप वेळेवर थांबली नाही. काका तेव्हापासून लंगडतात.

पुढे २०१९ साली ल मांच्या शर्यतीवरचा इंग्रजी चित्रपट आला, त्यात केन माइल्स हे नाव प्रथम ऐकले. त्याचे चरित्र शोधून वाचले ते मोटारींच्या वेडापायी नव्हे. काकांचे कुठे चुकले, हे मला जाणून घ्यायचे होते.

माइल्सचा जन्म १ नोव्हेंबर १९१८ रोजी इंग्लंडमध्ये सटन कोल्डफील्ड येथे झाला. वुल्स्ली मोटार कारखान्यात त्याने उमेदवारी केली, महायुद्धात रणगाड्यांवर काम केले. युद्ध संपल्यावर त्याने फ्रेझर नॅश या हलक्या इंग्रजी गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून ती शर्यतीत पळवली. म्हणजे खोड जुनीच! १९५२ च्या सुमारास तो अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेला. तेथे एमजीच्या सुट्या भागांतून गाड्या बांधल्या, तर कूपरच्या सांगाड्यात पोर्शचे इंजिन घातले. गाडी बांधणारा तोच आणि चालवणाराही तोच. मला वाटते, खरी मेख इथेच आहे. आपण केलेल्या जोडणीवर पहिला जीव आपलाच टांगायचा असला की माणूस ब्रेककडे आधी बघतो.

१९६३ साली रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन त्याच्याकडे आली. (याच रूट्सने १९४९ मध्ये मुंबईत एपीआय ही कंपनी काढली होती, पुढे तिच्या लॅम्ब्रेटा आपल्या रस्त्यांवर धावल्या.) अल्पाइन देखणी, पण चार सिलिंडर आणि जेमतेम १६०० सीसी. तिच्यात फोर्डचे ४.२ लिटरचे इंजिन मावते का, एवढेच ठरवायचे होते. कॅरोल शेल्बीने या कामाचे दहा हजार डॉलर आणि आठ आठवडे मागितले होते. माइल्सने सुमारे आठशे डॉलरांत, हाताशी असलेला दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअर बॉक्स लावून, आठवडाभरात गाडी उभी केली. इंजिन मावते हे सिद्ध झाले. पण कारखान्यातून १९६४ साली 'टायगर' या नावाने जी गाडी निघाली, तिचे स्टिअरिंग बदललेले होते, गिअर बॉक्सही निराळा होता. मावणे आणि शोभणे यांत एवढे अंतर असते. माइल्सला ते ठाऊक होते, आमच्या काकांनी पेढे आधी वाटले.

त्यानंतर तो शेल्बीकडेच रुजू झाला आणि कोब्रा गाड्या घडवल्या. १९६६ मध्ये डेटोना आणि सेब्रिंग जिंकून तो ल मांला उतरला व आघाडीवर होता. फोर्डच्या अधिकाऱ्यांना मात्र आपल्या गाड्यांचे एकत्र छायाचित्र हवे होते. माइल्सने वेग कमी केला. मॅक्लारेन आणि एमन यांच्या गाडीने मागच्या जागेवरून सुरुवात केली होती, म्हणून तिने जास्त अंतर कापले असे ठरवून पंचांनी तिला पहिले स्थान दिले. तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकण्याचा मान असा हातचा गेला.

दोनच महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ रोजी, कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या मैदानावर नव्या गाडीची चाचणी घेताना गाडी उलटून फुटली आणि तो गेला. वय ४७. पुढच्या गाडीत फोर्डने पोलादी पिंजरा बसवला. १९६७ च्या ल मांमध्ये मारिओ आंद्रेत्ती अपघातातून वाचला तो त्या पिंजऱ्यामुळे.

हे सारे मी काकांना वाचून दाखवले. शर्यतींत त्यांना रस नव्हता. एवढ्याशा बॉनेटखाली आठ सिलिंडर, तर मागचा प्लग खोलायचा कसा, एवढेच त्यांनी विचारले. त्यासाठी आत, पायाजवळच्या पत्र्यात भोक ठेवले होते, असे मी सांगितले. काका पाय चोळत बराच वेळ हसत राहिले.