महाड, व्हर्साय आणि भंडारा

१७८९ साली फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने व्हर्सायला सभा बोलावली आणि राज्यक्रांतीला तोंड फुटले. त्या सभेची कथा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या मंडपात सांगितली. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी जमलेली आपली सभाही त्याच तोलाची आहे, हे त्यांना पटवायचे होते. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

मात्र फ्रान्समध्ये पुढे गिलोटिन चालले, मग सम्राटही आला. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता टिकत नाहीत, हे बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत बजावले.

१९५४ साली ते भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. आपल्या शहापूरच्या या जिल्ह्यात ते हरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आकाशवाणीवरून त्यांनी सांगितले, की ही तीन तत्त्वे आपण फ्रान्सकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली.

शहापूरहून नागपूर काही फार दूर नाही. तिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी त्यांच्यासह धम्म स्वीकारला. मतपेटीत हरलेल्या माणसाने रक्ताचा थेंबही न सांडता क्रांती घडवली. पुढच्या ६ डिसेंबरला ते गेले. बंधुतेचे काम मात्र आपल्यावर सोपवून.